गळ्यावरची पांढरी रेघ

बेलखिंडमध्ये रहिवासी दाखला जसा छापून येतो तसा माणूस वर्षभर राहतो, म्हणून गाव दप्तरातल्या प्रिंटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, आणि का उघडायचं नाही हे कधीही विचारायचं नाही. शर्वरी कोंढाळकरला हा नियम ती तिसरीत असताना सांगण्यात आला. तिने तिथल्या तिथे 'का' असं विचारलं, त्यामुळे तो तिला दुसऱ्यांदा सांगावा लागला, तेव्हा कान धरून.

प्रिंटर अठरा वर्षांपूर्वी आला. त्याने पहिल्या वर्षी छापलेली माणसं अजूनही गावात हिंडताना दिसतात आणि लांबून ओळखू येतात. दप्तर मंडळाचे अध्यक्ष नाना घोलप त्याच खेपेतले. वय ऐंशी, पण मिशीचा केस न केस मोजून घ्यावा. धोतराची किनार ठसठशीत, आणि त्यांचा खोकला चार घरं ओलांडून ऐकू येतो. त्या पहिल्या वर्षी पन्नाशीपुढच्या सगळ्यांना कायम दाखला देऊन तो लॅमिनेट करण्यात आला. पन्नाशीच्या आतल्यांचा दाखला मात्र दरवर्षी खंडेनवमीला नव्याने छापायचा, कारण तरुण माणूस बदलत असतो आणि त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं, असं त्या ठरावात म्हटलं आहे. ठराव पन्नाशीपुढच्यांनी केला होता.

पहिली काही वर्षं छपाई बरी होत होती. मग लाल रंग कमी येऊ लागला आणि गावातल्या लेकी-सुना जरा हिरवट दिसायला लागल्या. फोटोवाल्याने लग्नाचे अल्बम काळ्यापांढऱ्यात काढायचे ठरवून तो प्रश्न सोडवला. एका वर्षी कागद तिरका ओढला गेला, तेव्हा दहावीची अख्खी तुकडी डावीकडे कलून निघाली. शाळेने बाकं डाव्या भिंतीला टेकवून घेतली. पुढच्या खंडेनवमीला ती तुकडी उजवीकडे कलली आणि बाकं पुन्हा हलवावी लागली, पण शाळेची तक्रार नव्हती. मधल्या काळात नवा प्रिंटर आणण्याचाही प्रयत्न झाला. त्याच्यावर एका माणसाचा दाखला काढून पाहिला. माणूस स्वच्छ आला, पण तो बेलखिंडचा राहिला नाही. दुसऱ्या दिवशी सामान बांधून तालुक्याला गेला आणि तिथेच रमला. नवा प्रिंटर परत करण्यात आला.

पांढऱ्या रेघा यायला लागल्या त्याला पाच वर्षं झाली. शर्वरीच्या वाट्याला तीन आल्या होत्या. कपाळावरची केसांखाली जायची, गुडघ्यांवरची सलवारीखाली. गळ्यावरची मात्र बोटभर रुंद होती आणि आरपार होती. शर्वरी ओट्यापाशी उभी राहून भांडत असली की आई त्या फटीतून मागच्या गॅसवरचं दूध बघत असे. ते वर आलं की हात करून म्हणे, "थांब जरा, आधी गॅस बारीक कर."

फटीतून दूध दिसण्याचं शर्वरीला विशेष वाटत नव्हतं. तिचं दुखणं वेगळं होतं. छातीतून निघालेला आवाज तोंडापर्यंत पोचायच्या आत निम्माअधिक त्या फटीतून सांडून जायचा, आणि उरलेला समोरच्यालाही धड पोचत नसे. कोल्हापूरला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेत तिने सगळी उत्तरं दिली, तीही नीट मांडून. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कान पुढे केला, मग मागे घेतला, आणि कागदावर 'विद्यार्थिनी गप्प होती' असा शेरा मारला. ती उभ्या जन्मात कधी गप्प राहिलेली नव्हती.

गावातही तेच. मंडळाच्या सभेत एखादा ठराव मांडला की नाना विचारत, "कुणाची हरकत?" मग दप्तरी मधुकाका शिरसाट मोठ्याने तीनपर्यंत मोजत आणि नोंदवहीत लिहीत: हरकत आली नाही, सबब मंजूर. या पद्धतीने शर्वरीने मागच्या पाच वर्षांत वाचनालय संध्याकाळी सहाला बंद करायला संमती दिली होती, मुलींच्या व्हॉलीबॉलच्या मैदानावर मंडळाची पाटी आणि तिच्याभोवती बाग करायला संमती दिली होती, आणि ती स्वतः रांगोळी समितीची चिटणीस झाली होती. प्रत्येक वेळी ती उभी राहून ओरडत होती. बाकीच्या तरुण मंडळींचंही कमीअधिक असंच होतं. सभा नेहमी शांततेत पार पडे, आणि त्याबद्दल मंडळाला तालुक्याचं प्रशस्तिपत्रक मिळालं होतं.

या वर्षी घटस्थापनेच्या दिवशी दप्तराच्या फळ्यावर सूचना लागली. प्रिंटरचं वय झालं आहे. थकलेल्याला विसावा द्यावा ही आपली संस्कृती आहे. तरी येत्या खंडेनवमीला, सोमवारी, होणारी छपाई अखेरची राहील. त्या दिवशी जो जसा छापला जाईल तो तसाच कायम समजावा. खाली नानांची सही, एकेक वेलांटी सुबक.

शर्वरीने ती सूचना दोनदा वाचली आणि गळ्याला हात लावला. बोटं पलीकडे गेली.

घरी आईने नेहमीप्रमाणे दूध बघितलं आणि समजूत घातली. मफलर गुंडाळला की काही दिसत नाही, आवाजाचं काय एवढं, बाईमाणसाला हळू बोललेलं शोभतं, आणि नाही तरी नाना म्हणतील तसंच होतं. आई स्वतः हिरवट होती, तिच्या खांद्यावरून एक रेघ गेलेली होती, आणि त्या खांद्यावर पदर ठरत नसे म्हणून तिने अठरा पिना लावल्या होत्या. शर्वरी म्हणाली की आपण पिना लावत बसलो म्हणूनच ही वेळ आली. आईने विचारलं, काय म्हणालीस?

दुसऱ्या दिवशी ती दप्तरात गेली. मधुकाका प्रिंटरवरचा क्रोशाचा रुमाल झटकत होते. दारातून आधी पावती आली आणि मग, दोन बोटांचं अंतर ठेवून, पावतीच्या शेपटीचं टोक आलं. पावती म्हणजे दप्तरातली मांजर. दरवर्षी छपाईआधी तिचा दाखला काढून चाचणी घेतात. मागच्या वर्षीच्या चाचणीत रेघ नेमकी शेपटीवरून गेली होती. मंडळाने शेपूट हा मुख्य भाग नाही असा निर्वाळा देऊन छपाई पुढे चालू केली. तेव्हापासून दप्तराचं दार दोनदा लावावं लागे.

मधुकाकांनी कान तिच्या तोंडाजवळ आणला. त्यांना तिचं म्हणणं समजायचं, कारण तेही दरवर्षी छापले जाणाऱ्यांतले होते. पहिल्या वर्षी त्यांना पन्नाशी गाठायला चार महिने कमी पडले होते. आता सदुसष्टीला ते इतके फिके झाले होते की खुर्चीत बसले असले तरी लोक विचारत, दप्तरी आहेत का?

शर्वरीने त्यांना समजावलं की शाईच्या प्रिंटरला शाई फवारणारं एक हेड असतं आणि त्याला बारीक बारीक छिद्रं असतात, केसापेक्षा बारीक. ती तुंबली की तिथली शाई येत नाही आणि तेवढी रेघ कोरी राहते. कोणती छिद्रं तुंबलीत ते एक नमुना छापून कळतं. मग हेड साफ करायचं. तासाभराचं काम आहे. मधुकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे झाकणाच्या आतलं काम आहे, आणि झाकणाच्या आतलं काम मंडळाच्या कक्षेत येतं. अर्ज कर. आणि हाताने लिहिलेला चालत नाही, याच्यावरच छापून आण.

पंचमीला सभा होती. पहिल्या रांगेत मंडळ होतं, सगळे काळेभोर आणि रेखीव, नानांच्या शेजारी शेवंताअक्का डोईवर पदर घेऊन. मागे गाव होतं, जरा धूसर. अर्ज शेवंताअक्कांनी वाचायला घेतला. रेघा नेहमीच्याच ठिकाणी आल्या होत्या. विषयाची ओळ गेली होती, आणि परवानगी मागितली होती ती ओळही गेली होती.

"पोरीनं मंडळाला नमस्कार केलाय," अक्कांनी जाहीर केलं. "आणि खाली आपली विश्वासू म्हणून सही आहे. मधे काही नाही."

"वळण चांगलं आहे," नाना म्हणाले. "घ्या लिहून. नमस्कार स्वीकारण्यात आला."

मधुकाकांनी लिहिलं.

शर्वरी तडक पहिल्या रांगेसमोर जाऊन उभी राहिली. तिने मफलर गळ्याभोवती दोन वेढे देऊन दोन्ही हातांनी आवळून धरला. त्याने फट थोडी बुजायची, पण श्वासही अडायचा, त्यामुळे तिला एका वेळी चार-पाच शब्दच परवडत.

"प्रिंटर म्हातारा नाही. तुंबलाय. झाकण उघडा. साफ करते."

नानांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. रागावणं त्यांच्या छपाईत नव्हतं. ते म्हणाले, "शरू, तू शिकलेली आहेस म्हणून तुला शास्त्रोक्त सांगतो. प्रिंटर तोच आहे. टेबल तेच आहे. शाई त्याच दुकानातली. आम्ही ह्याच्यातूनच निघालो, आणि बघ आमच्याकडे, आहे कुठं रेघ? मग बदललं काय? छापली जाणारी माणसं बदलली. हल्लीच्या पोरांत शाई मुरत नाही."

"जागरणं करतात," शेवंताअक्का म्हणाल्या. "आणि आम्ही एकदा छापलो ते छापलो. दर वर्षाला छापून घ्यायचे लाड आमचे कुणी केले नव्हते."

शर्वरीने मफलर आणखी आवळला. "उघडून बघायला. काय हरकत?"

"अठरा वर्षं झाकण उघडलं नाही. आमचं काही अडलं?"

"तुमचं नाही अडलं," शर्वरी म्हणाली, पण तिचा श्वास संपला होता आणि हात सुटले होते. ते वाक्य मफलरमध्ये राहिलं. नानांनी सभेकडे पाहून विचारलं, अखेरच्या छपाईच्या ठरावाला कुणाची हरकत? मधुकाकांनी तीनपर्यंत मोजलं. मागे गावातल्या निम्म्या लोकांचे ओठ हलत होते. सबब मंजूर झालं.

घरी जाताना शर्वरीने एक हिशेब केला. ती बावीस वर्षांची होती. घराण्यात बायका नव्वदीपर्यंत जगत. म्हणजे अडुसष्ट वर्षं रांगोळी समिती.

रविवारी अष्टमी होती. मंडळाचे सगळे सभासद एक ते चार झोपतात आणि त्या वेळात गावात कुणी जात्याला, मिक्सरला किंवा ढोलाला हात लावत नाही. सव्वाला शर्वरी दप्तरात शिरली. तिच्या पिशवीत कोमट पाण्याचा थर्मास, आईच्या देव्हाऱ्यातला वातींचा कापूस, जुन्या धोतराचा मऊ तुकडा आणि एक चिमटा होता. मधुकाका उपासाची खिचडी खात होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ताटली घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

"मला जे दिसत नाही ते नोंदवहीत येत नाही," ते भिंतीला म्हणाले.

शर्वरीने क्रोशाचा रुमाल काढला, घडी केली आणि झाकण उघडलं.

बराच वेळ काहीच आवाज न आल्यामुळे मधुकाकांनी कपाटाच्या काचेत पाहिलं. ती आत वाकून उभी होती. मग ती एकेक वस्तू काढून टेबलावर मांडू लागली. आधी तांदूळ निघाले. कागद ओढणाऱ्या रुळांच्या कडेने, दातांच्या फटीत अडकावेत तसे, लाल अक्षतांचे तांदूळ. ती चिमट्याने काढत गेली आणि वाटी भरली. मग दोन सुपाऱ्या, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, उदबत्तीची राख, विड्याचं पान होतं असं वाटणारं काहीतरी. खाली, शाईचं हेड येऊन थांबतं त्या कोपऱ्यात, कुंकू. अठरा वर्षांचं कुंकू कशाने तरी भिजून वाळलेलं, त्याची कौलासारखी खापरी झाली होती.

"मधुकाका," ती म्हणाली. "हे काय आहे?"

ऐकू आलं नसणार, पण काचेत तिचे ओठ दिसत होते. मधुकाका खिचडीचा घास तसाच हातात धरून बोलू लागले. खंडेनवमीला सगळ्यांच्या हत्यारांची पूजा होते, सुताराच्या करवतीची, डॉक्टरांच्या नळीची, तशी छपाईआधी प्रिंटरची. पहिल्या वर्षी त्यांनी नुसतं कुंकवाचं बोट लावलं होतं. मग लाल रंग कमी यायला लागला. नाना म्हणाले, कुंकू वाढवा. कुंकू वाढवलं. पुढे कागद तिरका जायला लागला, तेव्हा अक्षता वाढवल्या, नेमक्या कागद आत जातो त्या फटीत. तरी रेघा आल्या. तेव्हापासून नारळ फोडला जातो.

"नारळ याच्यावर?"

"झाकण न उघडता," मधुकाका घाईने म्हणाले. "नियम मोडलेला नाही. मागच्या फटीतून पाणी सोडतो. दर वर्षी बिघडतंय म्हणून दर वर्षी एक वाढवला. मागच्या वर्षी पाच होते."

शर्वरी खुर्चीत बसली. ती संतापेल असं मधुकाकांना वाटलं होतं, पण ती वाटीतले तांदूळ बघत राहिली. मग उठून बाह्या वर केल्या.

तिने पहिला नमुना छापला. कागदावर बारीक रेघांची चार रंगांची जाळी यायला हवी होती. आली ती जुन्या फणीसारखी, निम्मे दात गेलेली. लालमध्ये तर तीनच दात शिल्लक होते. तिने रूळ पुसले. धोतराचा तुकडा कोमट पाण्यात पिळून हेडखाली सरकवला आणि वीस मिनिटं तसाच ठेवला. तेवढ्यात पावती येऊन टेबलावर बसली आणि शेपटीचं टोक खुर्चीवर बसलं. तुकडा काढला तेव्हा तो गुलाबी झाला होता. तिने साफसफाईचं बटण दाबून धरलं. प्रिंटर घशात काहीतरी अडकल्यासारखा गुरगुरला, थांबला, आणि हेड दोनदा इकडून तिकडे पळालं. दुसरा नमुना आला. थोडे दात उगवले होते. तिने पुन्हा साफ केलं, थांबली, तिसऱ्यांदा साफ केलं, आणि मग कागदाची पट्टी सरळ करून हेडची ओळ जुळवून घेतली. चौथ्या नमुन्यात जाळी अखंड होती.

आधी पावतीचा दाखला काढला. कागद सरळ आत गेला आणि सरळ बाहेर आला. खुर्चीवरचं टोक उठलं, टेबलावर चढलं आणि जागेवर जाऊन लागलं. पावतीने मागे वळून शेपटीकडे पाहिलं. तिला ते फारसं पसंत पडलं नाही, पण थोड्या वेळाने ती चाटू लागली.

"आता माझा," शर्वरीने खुणेने सांगितलं.

मधुकाकांची ताटली रिकामी झाली होती, पण ते वळले नाहीत. छपाई उद्या आहे, ते म्हणाले, आज फक्त चाचणी करता येते. शर्वरीने चिठ्ठी लिहून त्यांच्या खांद्यावरून पुढे धरली: चाचणी मांजराचीच असावी असा ठराव आहे का? मधुकाका उठले, जुन्या नोंदवह्या काढून पंधरा मिनिटं चाळल्या, आणि म्हणाले की नाही, तसा ठराव आढळत नाही.

दाखला चाळीस सेकंदांत छापला गेला. शर्वरीला गळ्यापाशी जरा ऊब जाणवली, मफलर नुकताच बांधल्यासारखी, आणि मफलर तर टेबलावर होता. तिने गळ्याला हात लावला. बोटं पलीकडे गेली नाहीत.

"मधुकाका," ती म्हणाली. गेली पाच वर्षं लावत होती तेवढाच जोर तिने लावला होता. कपाटाच्या काचा थरथरल्या, पावती टेबलाखाली गेली, आणि मधुकाकांच्या हातातला शिक्का पडला.

"हळू बोल," मधुकाका म्हणाले. "अध्यक्ष झोपलेत."

हळू बोल असं तिला पाच वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. तिने त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं.

त्या संध्याकाळी घरी दूध उतू गेलं. आईने शर्वरीच्या गळ्याकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, आणि फडकं घ्यायला वळली. वळताना डोळे पुसून घेतले. "उद्या मफलर बांधून जा," ती म्हणाली. "आधीच कळायला नको त्यांना." शर्वरीने पाच वर्षांत आईचं एवढं एकच ऐकलं.

खंडेनवमीला सकाळी नऊपासून रांग लागली. दप्तराच्या पायरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत गाव उभं होतं, कुणी डावीकडे कललेलं, कुणी फिकं, कुणी मधून मधून नसलेलं, आणि सगळे ठेवणीतले कपडे घालून, कारण हे आता कायमचं होतं. आत मंडळ आलं. अखेरचं वर्ष म्हणून तयारी मोठी होती. शेवंताअक्कांच्या ताटात पाव किलो कुंकू होतं, अक्षतांचं पातेलं वेगळं, आणि मधुकाकांनी सहा नारळ सोलून ठेवले होते. ते त्यांना नेमूनच दिलेलं काम होतं. प्रिंटरच्या पुढे शर्वरी उभी होती.

नानांनी तिला बाजूला व्हायची खूण केली. ती रांगोळी समितीची चिटणीस असल्यामुळे तिथे असणं त्यांना गैर वाटलं नाही. मग त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, पूजेला सुरुवात करतो, कुणाची हरकत?

मधुकाकांनी एक म्हटलं. दोन म्हटलं. शर्वरीने मफलर सोडला.

"माझी आहे," ती म्हणाली.

ते गिरणीपर्यंत ऐकू गेलं. रांगेतल्या शेवटच्या माणसाने वळून पाहिलं. आत शेवंताअक्कांच्या ताटातलं कुंकू किंचित सांडलं. नानांनी मधुकाकांकडे पाहिलं, मधुकाकांनी नोंदवहीत पाहिलं. हरकतीचा रकाना होता. अठरा वर्षं तो कोरा होता आणि कागद तिथे बाकीपेक्षा पांढरा राहिला होता. मधुकाकांनी त्यात शर्वरीचं नाव लिहिलं आणि कारण विचारलं.

शर्वरीने तांदळाची वाटी, सुपाऱ्या आणि कुंकवाची खापरी नानांसमोर मांडली. "हे सगळं प्रिंटरच्या पोटात होतं. दर वर्षी तुम्ही घातलेलं. पोरांत शाई मुरत नव्हती ती ह्याच्यामुळे."

"तू झाकण उघडलंस," नाना म्हणाले.

"उघडलं."

"ते देवाचं आहे," शेवंताअक्का वाटीकडे बोट करून म्हणाल्या.

"देवाचं देवापाशी ठेवा की, अक्का. कागदाच्या फटीत घाला असं देवानं कधी सांगितलं होतं?"

नानांनी दोन्ही हात काठीवर ठेवले. त्यांचा आवाज अजूनही खणखणीत होता, पण खोलीत पहिल्यांदाच तो एकटा नव्हता, आणि हे त्यांच्या लक्षात आल्यासारखं दिसलं. ते म्हणाले, "नियम आहे. झाकण उघडायचं नाही आणि का ते विचारायचं नाही. तुला तिसरीत सांगितला होता."

"दोनदा सांगितला होता. मी तेव्हाही का म्हणून विचारलं होतं. का, नाना?"

नानांनी शेवंताअक्कांकडे पाहिलं. अक्कांनी पुढच्याकडे पाहिलं. ते पाहणं मंडळाच्या रांगेच्या टोकापर्यंत गेलं आणि परत नानांकडे आलं.

"आधीच्या लोकांनी काहीतरी विचार करूनच केला असेल," ते म्हणाले.

"प्रिंटर अठरा वर्षांपूर्वी आला. आधीचे लोक म्हणजे तुम्हीच."

नानांनी यावर विचार केला. ते खरं होतं. त्यांना त्या वेळी काय विचार केला होता ते आठवेना, आणि ते तसं स्पष्ट चेहऱ्यावर दिसलं, कारण त्यांची छपाई चांगली होती.

"ठराव मांडते," शर्वरी म्हणाली. "पूजा झाली तर टेबलाची होईल, प्रिंटरची नाही. आजची छपाई अखेरची नाही. दर वर्षी छापायचं आणि छापायच्या आधी हेड साफ करायचं. झाकण कुणीही उघडावं, आणि का म्हणून कुणीही विचारावं."

"अक्का, ताट आणा," नाना म्हणाले. शेवंताअक्का ताट घेऊन एक पाऊल पुढे आल्या. नानांनी कुंकवाची मूठ भरली. "शरू, वडीलधाऱ्यांचं ऐक. बाजूला हो."

शर्वरीने दोन्ही हात प्रिंटरच्या मागच्या फटीवर ठेवले.

"नाही," ती म्हणाली.

ती ओरडली नव्हती. आता तशी गरज नव्हती. नानांची मूठ हवेतच राहिली आणि मंडळातल्या एकालाही पुढे काय बोलायचं ते सुचलं नाही. या शब्दानंतर काय म्हणतात हे त्यांच्यावर कधी छापलंच गेलं नव्हतं. रांग दाराशी येऊन आत बघत होती. टेबलाखालून पावती शेपटीसकट बाहेर आली.

मधुकाकांनी चष्मा सारखा केला. "ठरावाला कुणाची हरकत?" त्यांनी विचारलं, आणि मंडळाकडे पाहत सावकाश तीनपर्यंत मोजलं. मग नोंदवही पुढे ओढली आणि फिक्या बोटांनी लिहिलं: हरकत आली नाही, सबब मंजूर.